बारा मोजेपर्यंत

माझी बायको गॅसला भ्यायची आणि मी गॅसच्या भट्ट्या लावून पोट भरायचो. चेन्नईत, अंबत्तूरच्या आमच्या भाड्याच्या घरी सकाळी साडेसातला, बूट घालायच्या आधी, शेगडी पेटवून देणं हे माझं काम. ती तेवढ्यापुरती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहायची, पदर तोंडाला लावून. लहानपणी मिरजेला तिच्या काकूच्या अंगावर स्टोव्ह भडकला होता आणि तिनं तो डोळ्यांनी पाहिला होता, हे मला ठाऊक होतं. तरी मी चेष्टा करायचोच. "अगं, लायटर आहे हा, साप नव्हे!" ती म्हणायची, "तुम्ही जा हो कामाला. तेवढी एक बाजू बारीक ठेवून जा." मी गेल्यावर ती बारीक आच दुपारपर्यंत तशीच जळत राहायची, कारण विझवली तर पुन्हा पेटवणार कोण? महिन्याच्या आत सिलिंडर संपायचा आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बर्नरचा माणूस मी, आणि माझ्याच घरात ही नासाडी! मूलबाळ नव्हतं आम्हाला, त्यामुळं भांडायला असले विषय पुरवून वापरावे लागायचे.

आमचा कारखाना लहान होता. लोखंडाचे सुटे भाग तापवून कडक करायच्या भट्ट्या आम्ही बनवायचो. दोन हजार सालानंतर चेन्नईतल्या स्मशानांमध्ये लाकडाऐवजी गॅसच्या दाहिन्या बसवायची कामं निघू लागली, तेव्हा आमच्या मालकांनी त्यातलं एक घेतलं. भट्टी ती भट्टीच, असं त्यांचं म्हणणं, आणि मलाही ते पटलं होतं. नकाशात जिथं माणूस ठेवायचा तिथं मी 'लोड' असं लिहिलं होतं. तो कागद घरी टेबलावर पडलेला बायकोनं पाहिला. "लोड काय, लोड? माणूस म्हणा की. तुमच्या कारखान्यातला नटबोल्ट आहे का तो?" मी म्हटलं, "बरं बाई, माणूस." पण नकाशातला शब्द काही मी बदलला नाही.

दाहिनी उभी राहिली आणि तिथल्या कामगारांना ती चालवायला शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझं तमिळ म्हणजे आनंदीआनंद. आठ वर्षं राहूनही चहा, बस आणि शिव्या यांच्यापुढं मजल गेली नव्हती. बायकोला मात्र फर्डं यायचं. ते पाण्याच्या टंचाईचं वर्ष होतं. पाण्याची लॉरी आली की रंगीबेरंगी प्लास्टिकच्या घागरी घेऊन सगळी गल्ली धावायची, आणि रांगेत भांडायचं तर भाषा लागतेच. तिथंच ती शिकली. संध्याकाळी कांदा चिरता चिरता ती माझ्याकडून दुसऱ्या दिवशीची वाक्यं पाठ करून घ्यायची. आधी पंखा लावून आतली हवा काढा. मग ठिणगी. मग गॅस. दार उघडं असताना समोर उभे राहू नका. पाय धरून ओढू नका. राखेचा ट्रे पूर्ण झाडल्याशिवाय दुसऱ्याला आत घेऊ नका, नाहीतर एकाची राख दुसऱ्याच्या घरी जाईल. हे वाक्य शिकवताना तिची सुरी थांबली. "असं होतं?" मी म्हटलं, "होऊ नये म्हणून तर शिकवतोय."

तिघं जण होते शिकणारे. दोघं तरणे, मुकाट्यानं शिकणारे. तिसरा साठीच्या घरातला म्हातारा. काळा, काटक, खाकी अर्ध्या पँटवर बनियन. त्याच्या बापानं तिथंच लाकडांवर माणसं जाळली होती, यानंही जन्मभर तेच केलेलं, आणि घर स्मशानाच्या भिंतीला लागून. दाहिनीला तो 'बीरो' म्हणायचा. इकडं लोखंडी कपाटाला बीरो म्हणतात. "माणसाला बीरोत ठेवायचं, सार?" असं त्यानं पहिल्या दिवशी मला विचारलं, आणि मग माझ्या तमिळला हसला.

पहिला आठवडा खरं माणूस नव्हतं. मी माणसाएवढं लांब एक पोतं शिवून घेतलं होतं, त्यात साठ किलो वाळू. ते तिरडीवर बांधायचं, तिरडी ट्रॉलीवर, डोक्याची बाजू आत, पायाची दाराशी. बटण दाबलं की दार साखळीनं वर जायचं. ट्रॉली आत न्यायची, तिरडी आत सोडायची, ट्रॉली मागे घ्यायची, दार खाली. आम्ही हे थंड भट्टीवर पन्नासदा केलं असेल. दर खेपेला म्हातारा मला विचारायचा, "सरिया, सार?" म्हणजे बरोबर का? मी म्हणायचो, "सरि." त्या एका शब्दावर तो लहान मुलासारखा खूश व्हायचा.

पण दार वर गेलं की तो थांबायचा. वाकायचा, पोत्याच्या पायाकडच्या टोकाला दोन्ही तळवे लावायचा आणि हळूच काहीतरी पुटपुटायचा. मी तीन-चारदा पाहिलं आणि तडकलो. "काय चाललंय?" तो म्हणाला, "सांगतोय, सार." काय सांगतोयस? तर 'बयप्पडादे'. भिऊ नकोस. बापापासूनची सवय, म्हणे. लाकडावर ठेवला की विस्तव लावायच्या आधी तळपायाला हात लावून सांगायचं. म्हातारी बाई असली तर अम्मा, पुरुष असला तर अय्या, लहानसहान असलं तर कण्णु. "आयुष्यभर विस्तवाला जपलेलं माणूस असतं, सार. एकदम ढकलायचं कसं?" मग त्यानं गंभीरपणे मला विचारलं, हे पोतं बाई आहे की बाप्या? मी ओरडलो, "वाळू आहे ती, वाळू!" तो थोडा विचार करून म्हणाला, "मग अय्या म्हणतो."

घरी येऊन जेवताना मी हे सगळं नकलेसकट सांगितलं. मला वाटलं, हसून हसून तिची पुरेवाट होईल. ती हसली नाही. तिनं भाताचा घास तसाच ताटात ठेवला. "काय म्हणतात ते नक्की?" मी सांगितलं. "तळपायाला हात लावून?" मी म्हटलं, हो.

"अहो, माझ्या वेळेला त्यांना सांगा हं बोलायला. तुम्ही विसराल."

"काय अभद्र बोलतेस जेवताना! आधी मी जाणार, तू नव्हे."

"असू दे. वचन द्या. विस्तव दिसला की माझं काय होतं, माहीत आहे ना तुम्हाला?"

"दिलं, बाई. दोनदा बोलायला लावतो, मग तर झालं?"

"एकदा पुरे," ती म्हणाली, आणि ताक वाढायला उठली.

दाहिनी सुरू झाली. लोक आधी बिचकले, मग येऊ लागले. म्हातारा एकेकाच्या तळपायाला हात लावून सांगायचा, आणि मीही त्याला अडवायचो नाही. भट्टी दिवसाच्या पहिल्या खेपेला तितकी तापलेली नसते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्यानं आटोपतं घ्यावं एवढंच माझं म्हणणं असायचं. रागवायचो, पण चालवून घ्यायचो. हीच माझी चूक, असं मला पुढं वाटलं. खरी चूक कुठली होती ते कळायला फार उशीर झाला.

तिसऱ्या महिन्यात ते झालं. मोठ्या घरचा कुणी वारला होता. वाजतगाजत आणला, रस्ताभर फुलांचा सडा. मुलांनी अंगावर तूप ओतलं, डब्यानं. छातीवर कापराच्या वड्यांचा ढीग रचला आणि पेटवला. मी सांगत होतो, एक वडी पुरे, एक वडी पुरे. पण माझं तमिळ आणि त्यांचं दुःख, कोण ऐकणार? दार वर गेलं. आत लाल झालेल्या विटा. तुपाला आच लागली आणि जाळ दारातून बाहेर उसळला. म्हाताऱ्याचे दोन्ही हात त्या तळपायांवर होते. त्यानं ते काढले असते तर वाचला असता. त्यानं आधी आपलं वाक्य पुरं केलं, मग हात काढले. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

ओल्या टॉवेलमध्ये हात गुंडाळून मी त्याला स्कूटरवर मागं बसवलं आणि दवाखान्यात नेलं. सगळ्या वाटेनं मी ओरडत होतो. मराठीत, हिंदीत, जे येईल त्यात. मी भ्यालो होतो, आणि मी भ्यालो की मला राग येतो. हा माझा जन्माचा रोग. दवाखान्याच्या बाकावर त्याला मलम लावून बसवलं तेव्हा मी म्हणालो, "उद्यापासून एक शब्द नाही. हात लावायचा नाही. दार वर, ट्रॉली आत, ट्रॉली बाहेर, दार खाली. बारा मोजेपर्यंत सगळं झालं पाहिजे."

तो म्हणाला, "मग त्यांना सांगणार कोण, सार?"

"मेलेल्याला काय सांगायचंय?"

त्यानं मलम लावलेला हात मांडीवर घेतला. मग मान खाली घालून म्हणाला, सरि.

हे नुसतं तोंडी सांगून भागणार नव्हतं. बाकीच्या दोघांनाही ठणकावून सांगायला हवं होतं, आणि तेही नीट तमिळमध्ये. त्या संध्याकाळी मी बायकोला विचारलं, "'बोलायचं नाही' याला काय म्हणायचं गं?"

"पेसक्कूडादु," ती म्हणाली. "कुणी बोलायचं नाही?"

"मशीन चालू असताना. आवाजात काही ऐकू येत नाही ना, म्हणून."

किती सहज खोटं बोललो मी! म्हाताऱ्याचा हात भाजला हेही मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. तिला दिलेलं वचन मी परस्पर मोडतोय, हे मला तेव्हाच कळत होतं. म्हटलं, कुठं घाई आहे? तिनं अजून चाळिशीही गाठली नव्हती. आणि वेळ आलीच तर एका माणसापुरता नियम बाजूला ठेवता येईल, नियम करणारा मीच तर आहे. तिनं माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं, पेसक्कूडादु, पेसक्कूडादु, पेसक्कूडादु. "आता बरोबर," म्हणाली.

हात बरा झाल्यावर म्हातारा परत आला आणि मी पुन्हा पोतं काढलं. आता तो आकडे मोजायचा. ओण्णु, रेंडु, मूणु, ओठांतल्या ओठांत. पहिल्यांदा सतरा लागले, मग चौदा, मग बारा. बाराला तमिळमध्ये पन्नेंडु म्हणतात. दार टेकायचं आणि तो म्हणायचा, "पन्नेंडु! सरिया, सार?" मी त्याची पाठ थोपटायचो. दोघा तरण्यांपेक्षा तो चोख झाला. मालकांना मी सांगितलं, असा ऑपरेटर शोधून सापडायचा नाही. आणि खरंच, त्यानंतर तिथं कुणाला साधा चटकाही बसला नाही. हे मी आजही सांगतो, कारण ते खरं आहे.

पुढच्या वर्षी डिसेंबरात, दारोदारी पहाटे मोठमोठ्या रांगोळ्या पडतात त्या दिवसांत, तिला ताप आला. साधा ताप, म्हणून दोन दिवस घरीच काढले. तिसऱ्या दिवशी अंगावर लाल ठिपके उठले, तेव्हा रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रक्तातल्या पेशी उतरत होत्या. डॉक्टर रोज एक आकडा सांगायचे, आणि रोजचा आकडा कालच्यापेक्षा कमी असायचा. मी आकड्यांचा माणूस, मला ते बरोबर समजत होतं. पण समजणं वेगळं आणि मानणं वेगळं.

दवाखान्यातल्या चौथ्या दुपारी तिनं डोळे उघडले. माझा हात शोधला. "अहो, तुमच्या त्या म्हाताऱ्याला..." एवढंच म्हणाली, आणि मी तिच्यावर खेकसलो. "गप्प बस! काहीतरी बरळू नकोस. बोलायचं नाही आता. ताप आहे नुसता." तिनं तोंड मिटलं. थोड्या वेळानं म्हणाली, "शेगडी बंद केलीत ना घरची?" मी म्हटलं, केली. त्याच्या पुढचं तिचं काही बोलणं मला आठवत नाही, कारण झालंच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

तिचा भाऊ विमानानं आला. शेजारच्या मामींनी तिला हिरवी साडी नेसवली, आपल्याकडं सवाष्णीला लावतात तसा मळवट भरला, आणि त्यांच्या पद्धतीनं केसांत ढीगभर मोगरा माळला. सगळे विचारत होते, कुठं न्यायचं? मी सांगितलं. दुसरं कुठलं नावच माझ्या तोंडी आलं नाही. व्हॅनमध्ये मी तिच्या पायाशी बसलो होतो आणि मनात घोकत होतो, म्हाताऱ्याला सांगायचं, म्हाताऱ्याला सांगायचं. शपथेवर सांगतो, फाटकापर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

फाटकात उतरलो आणि मला बर्नरचा आवाज आला. आवाज बरा नव्हता. हवा कमी पडली की ज्योत घरघरते. कान सवयीचे, लगेच कळतं. मी कुणाशी न बोलता सरळ मशीनच्या खोलीत गेलो आणि हवेची झडप थोडी उघडली. ज्योत निळी झाली, आवाज सरळ झाला. मेहुणा दारातून माझ्याकडं बघत होता. त्याला वाटलं असेल, या माणसाला वेड लागलंय. रोज सकाळी मी तिच्यासाठी शेगडी पेटवायचो; ही पण मीच नीट केली. त्या झडपेला हात लागला आणि मी तिचा नवरा उरलो नाही, शिकवणारा झालो.

म्हातारा पुढं आला. त्यानं तिला पाहिलं, मला पाहिलं, आणि डोळे पुसले. मग अगदी जवळ येऊन हलक्या आवाजात विचारलं, "सार, आज कसं करू?"

मला वाटलं, कापराबद्दल विचारतोय. तुपाबद्दल विचारतोय. मी म्हणालो, "शिकवलंय तसंच."

कापराची एक वडी. एकच, कारण नियम माझा. मी ती तिच्या छातीवर ठेवली आणि पेटवली. तिचे पाय बाहेरच्या बाजूला होते, आळता लावलेले, माझ्यापासून वीतभर. बटण दाबलं गेलं. दार वर निघालं आणि माझ्या डोक्यात आकडे सुरू झाले. ओण्णु. रेंडु. मूणु. मी ते सुरू केले नाहीत, ते आपोआप सुरू झाले. पाचाला ट्रॉली आत. सातला तिरडी सुटली. दहाला ट्रॉली मागे. म्हाताऱ्याचा हात कुठंही लागला नाही, तोंडातून शब्द आला नाही. इतकं चोख काम मी त्याच्याकडून कधीच पाहिलं नव्हतं. बाराला दार टेकलं. दार टेकल्याचा आवाज आला आणि तेव्हा, त्या आवाजाबरोबर, मला आठवलं.

मी दाराकडं धावलो असेन. मेहुण्यानं मला धरलं. दार आता उघडायचं नसतं. ते वाक्यही मीच शिकवलेलं. आत जाळाला भिणारी माझी बायको, आणि तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

राख मिळायला दोन तास लागतात. आवारात करंजाच्या झाडाखाली सिमेंटचा बाक आहे, त्यावर मी बसलो. काही वेळानं म्हातारा आला. दोन्ही हात बांधून समोर उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते, पण मान ताठ होती. माझ्या घरच्या माणसाचं काम त्यानं जिवापाड नीट केलं होतं, आणि ते मला कळावं अशी त्याची इच्छा होती.

"पन्नेंडु, सार," तो म्हणाला. "बरोबर पन्नेंडु. सरिया?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी म्हणालो, "सरि."

मग मी त्याला विचारलं, मघाशी 'आज कसं करू' म्हणजे तुला काय विचारायचं होतं? तो गोंधळला. "अम्माला सांगू का, असं, सार. तुमच्या घरचं माणूस, म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, शिकवलंय तसंच."

मी त्याचा भाजलेला हात धरला. कातडी अजून गुळगुळीत, गुलाबी होती. म्हटलं, "मनात तरी म्हणालास का रे? मनातल्या मनात?"

तो खोटं बोलला असता तर मी मानलं असतं. आयुष्यभर मानलं असतं. पण तो साधा माणूस.

"मनात आकडे होते, सार," तो म्हणाला.

त्यानंतर मी किती रडलो ते तिथल्या तिघांना ठाऊक आहे. मातीचं गाडगं माझ्या हातात दिलं तेव्हा ते अजून गरम होतं. मी ते छातीशी धरून घरी नेलं.

घरी शेगडी मी फक्त चहापुरती पेटवायचो. बारीक कुणासाठी ठेवायची? तो सिलिंडर पाच महिने पुरला. संपला त्या दिवशी मी सुट्टी घेतली आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिलो. जन्मभर जिच्याशी सिलिंडरवरून भांडलो, ती असती तर तो केव्हाच संपला असता.

त्या दिवशी तिथं बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आलं. इतकं साधं, की मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. दार उघडल्यावर कशाला? दार उघडायच्या आधी सांगावं की! ट्रॉली थंड, दार बंद, समोर जाळ नाही, घाई नाही. हवा तेवढा वेळ तळपायाला हात लावा, हवं तेवढं बोला, आणि मग बटण दाबा. बारा आकडे तिथून पुढं सुरू. जाळ नको होता मला, आणि मी शब्द बंद केले. इंजिनिअर म्हणे! एवढं सुचायला मला बायको जाळावी लागली.

दाहिनी चालवायच्या सूचनांचा कागद पुन्हा लिहिला. तिथंही 'लोड' होतं, ते खोडून 'माणूस' केलं, तमिळमध्ये. दार उघडण्याच्या पायरीच्या वर एक नवी पायरी घातली: दार बंद असताना पायाला हात लावून निरोप सांगावा. आता वाक्यं दुरुस्त करायला घरी कुणी नव्हतं, म्हणून म्हाताऱ्यालाच वाचून दाखवलं. त्यानं दोनदा वाचायला लावलं. "हे चालेल, सार?" "चालेल." तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "हे मला पण सुचलं नाही, सार. तुम्ही बोलायचं नाही म्हणालात, तिथंच मी थांबलो."

काही महिन्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला आमची दुसरी दाहिनी बसली. तिथल्या माणसांना शिकवायला मी म्हाताऱ्याला बरोबर नेलं. पोतं तेच, जुनं. ते तिरडीवर ठेवायला मी एका बाजूनं हात लावला आणि उचलताना मला जड गेलं. त्या शेवटच्या दिवशी तिला उचललं होतं ते मला आठवलं. ती या पोत्यापेक्षा कितीतरी हलकी झाली होती. चौघं नवी माणसं भिंतीशी उभी होती. पहिल्यांदा मीच करून दाखवणार होतो. मी वाकलो. पायाकडच्या टोकाला दोन्ही तळवे लावले. तोंड उघडलं, आणि काही केल्या शब्द फुटेना. तमिळही नाही, मराठीही नाही. माझे डोळे बटणाकडं गेले आणि डोक्यात ओण्णु, रेंडु सुरू झालं.

म्हाताऱ्यानं बटणावर आपला हात आडवा ठेवला.

"सार," तो म्हणाला, "दार बंद आहे. सावकाश सांगा."

मी त्या वाळूच्या पोत्याला सांगितलं, "भिऊ नकोस गं." एकदाच. एकदा पुरे, असं तिनंच म्हटलं होतं.